भर उन्हाळ्यात लॉन तासू नका

मा. संपादक,

मे महिना आला की आपल्याकडे बगिच्यांतलं लॉन पिवळं पडतं आणि जो तो ४४-४५ डिग्रीच्या उन्हाला शिव्या देतो. ऊन आहेच हो, पण बऱ्याच लॉनमधलं गवत आपल्या हरळीच्याच जातीचं असतं, आणि हरळी उन्हाने मरते का ते रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विचारा, बांधावरून काढता काढता जीव जातो. हे गवत २७ ते ३५ डिग्रीत जोमात वाढतं, वरून वाळलं तरी जमिनीतल्या खोडांतून परत फुटतं.

ते मरतं मशीनमुळे. आमच्या इथल्या एका बगिच्यात ठेकेदाराची माणसं ऐन उन्हाळ्यात माती दिसेपर्यंत कापतात, लवकर परत यायला नको म्हणून. याला स्काल्पिंग म्हणतात. खरं तर एका वेळी फक्त एक तृतीयांश कापायचं, ३ इंच वाढलं असेल तर २ इंचांवर आणायचं, बस. पातंच गेलं की अन्न बनत नाही, मुळं आखडतात, माती तापते आणि मोकळ्या जागेत नागरमोथा न् गाजरगवत घुसतं.

पाण्याचंही तेच. केळीच्या ठिबकचा हिशोब लिटरमध्ये करणारे आपण लोक, लॉनवर मात्र रोज पाच मिनिटं पाइप फिरवतो, मग ओल वरच्या इंचभर मातीत आणि मुळंही तिथेच. इंचभर पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, ते पहाटे द्यायचं, काळ्या मातीत हळू मुरतं म्हणून थांबत थांबत, आणि मग दोन-तीन दिवस पाइपला हात लावायचा नाही.

थॅच म्हणजे माती आणि हिरव्या पात्यांच्या मधे साचणारा वाळक्या खोडामुळांचा थर. अर्ध्या इंचापर्यंत चालतो, जास्त झाला की पाणी अडतं. कापलेल्या बारीक गवताने थॅच वाढतं असं समजून लोक ते पोत्यात भरून फेकतात, पण ते लवकर कुजतं आणि त्यातलं नत्र मातीत जातं. म्हणजे खत फेकायचं न् वर युरिया विकत आणायचा! लग्नाच्या लॉन्सवाल्यांनी तर पाऊस सुरू झाल्यावर एरेशन, म्हणजे भोकं पाडून दबलेली माती मोकळी करणं, आणि वरून पोयटा-शेणखताचा पातळ थर, म्हणजे टॉपड्रेसिंग, केलंच पाहिजे, एवढी माणसं तिथे नाचतात.

आणि ते ऑनलाइन मिळणारं केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यूचं बी घेऊ नका, ते १५ ते २४ डिग्रीचं गवत, धुळ्याच्या थंडीत मस्त उगवेल आणि एप्रिलात संपेल.

पालिकांना विनंती एवढीच, ठेक्याच्या कागदात महिन्यातून किती वेळा कापायचं हे लिहिता तसं किती उंचीवर कापायचं तेही लिहा.

– एक वाचक, भुसावळ