मतदान केंद्रात जमाव घुसला तर काय करायचे?

महोदय,
मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. निवडणुकीत मतदान केंद्राध्यक्षाचे काम केले आहे. प्रशिक्षणात अभिरूप (चाचणी) मतदानाची किमान ५० मते, यंत्राचे सील, १७-सी हा मतांच्या हिशेबाचा नमुना हे घोटून घेतात. ते हवेच. पण जमाव आत घुसला तर? निवडणूक संचालन नियमांतला ४९-एक्स म्हणतो, केंद्र बळकावले जात असल्यास मतदान यंत्राचे कंट्रोल युनिट (मते नोंदवणारा भाग) तत्काळ ‘क्लोज’ करून बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) सुटे करा. आमच्या वर्गात हे एका स्लाइडवर उरकले. २०२४च्या विधानसभेला आमच्याच तालुक्यात, घाटनांदूरला, मतदान केंद्रात तोडफोड झाली. आत आमच्यासारखे गुरुजी, बाईच असतात हो! पोलिसांना सोबत घेऊन रंगीत तालीम घ्या. आमच्या केंद्रांवर देखरेख करणाऱ्या क्षेत्रीय अधिकाऱ्याला फोन कोणी लावायचा, रात्री साहित्य जमा केल्यावर महिला कर्मचारी घरी कशा पोहोचणार, हेही त्याच वर्गात ठरवा.
– एक शिक्षिका, अंबाजोगाई