पंपाचा दांडा पुरे झाला, मिठाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला डॉ. जॉन स्नो यांच्यावरचा लेख वाचला. आधी आभार. राशिभविष्य आणि पाककृती यांच्या मधोमध एकोणिसाव्या शतकातल्या एका डॉक्टरला अर्धे पान मिळाले, हेही थोडे नाही. पण त्या अर्ध्या पानात पंपाच्या दांड्याशिवाय दुसरे काही असू नये?

दांड्याचे आधी उरकून टाकतो. कॉलरा घाण हवेने नव्हे, घाण पाण्याने पसरतो, असे स्नोचे म्हणणे. लेखकमहाशयांच्या मते त्याने कॉलऱ्याच्या मृत्यूंचा नकाशा काढला, नकाशात लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा हातपंप सापडला, त्याचा दांडा काढला आणि कॉलरा थांबला. क्रम साफ उलटा आहे. मृतांचे पत्ते मिळवून, घरोघर जाऊन 'पाणी कुठले पीत होता' हे विचारल्यावर स्नोचा पंपावरचा संशय पक्का झाला. ७ सप्टेंबर १८५४ च्या संध्याकाळी त्याने सेंट जेम्स पॅरिशच्या (म्हणजे तिथल्या वॉर्डाच्या) कारभारी मंडळींपुढे आपले म्हणणे मांडले आणि दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. नकाशा त्यानंतरचा, तो छापला गेला १८५५ मध्ये. शिवाय आपण 'स्नोचा मूळ नकाशा' म्हणून जो ठिपक्याठिपक्यांचा छापलात, तो त्याचा नव्हेच. त्याने एका मृत्यूला एक आडवी काळी रेघ धरली आणि ज्या घरात जितके गेले तितक्या रेघा त्या घरापाशी एकावर एक रचल्या. ठिपके पुढच्या लोकांनी घातले.

आणि साथ थांबली म्हणाल, तर त्याच्याच तक्त्यात १ सप्टेंबरला आजारी पडून पुढे दगावलेले १४३ आहेत आणि ८ सप्टेंबरला १२. म्हणजे दांडा निघाला तेव्हा साथ ओसरत आली होती. हे स्नोने स्वतः लिहून ठेवले आहे, त्यासाठी मी नको. तरीही दांडा काढणे वाया गेले नाही, आणि त्याचे कारण लेखात यायला हवे होते. ब्रॉड स्ट्रीटवरच्या चाळीस नंबरच्या घरातले तान्हे मूल जुलाबांनी २ सप्टेंबरला गेले. त्याची दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले जाई आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत होता. मुलाच्या बापाला कॉलरा झाला तो ८ सप्टेंबरलाच. दांडा जागेवर असता तर पुढे काय झाले असते ते वाचकांनीच ताडावे. हे सगळे खणून काढले हेन्री व्हाइटहेड नावाच्या पाद्र्याने, जो मुळात स्नोला खोटे पाडायला निघाला होता. त्याचे नावही लेखात नाही. असो.

खरे घोडे पेंड खाते ते दक्षिण लंडनपाशी, आणि त्यावर आपल्या लेखात एक ओळसुद्धा नाही. तिथे साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लॅम्बेथ अशा दोन पाणी कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यातून गेलेले होते. या घरात एकीचे पाणी, शेजारच्या घरात दुसरीचे. लॅम्बेथने १८५२ मध्ये आपला उपसा थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला, भरतीच्या टप्प्याबाहेर नेला. दुसरी कंपनी बॅटरसीलाच, शहराच्या मैलापाण्यात, बसून राहिली. वस्ती तीच, हवा तीच, गरिबी तीच, फरक फक्त पाण्याचा. यापेक्षा स्वच्छ कसोटी कुणी मुद्दाम मांडूनही मांडली नसती.

अडचण एकच होती. कॉलऱ्याने माणूस गेलेल्या घरी जाऊन 'पाणी कुठल्या कंपनीचे' असे विचारले, तर निम्म्यांना ठाऊक नसे. पाणीपट्टी भरायचा घरमालक, तो राहायचा भलतीकडे, आणि भाडेकरूला पावती बघायचे कारणच नव्हते. इथे स्नोने जे केले ते शाळेच्या प्रयोगशाळेतही करून बघता येते. पिंपात साठलेल्यापेक्षा नळातून येतानाचे पाणी ओळखायला सोपे, हे त्याने हेरले होते. खात्री पटली नाही की लहान कुपीत पाणी घ्यायचे, वर पत्ता लिहायचा आणि घरी येऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घालायचे. पाण्यात मीठ असेल तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. लॅम्बेथच्या एका गॅलनात (साडेचार लिटर धरा) २.२८ ग्रेन (जुने वजन, सुमारे ६५ मिलिग्रॅमचे) साका निघाला, म्हणजे ०.९५ ग्रेन मीठ. दुसऱ्या कंपनीच्या गॅलनात ९१ ग्रेन साका, म्हणजे ३७.९ ग्रेन मीठ. चाळीसपट! आजच्या मापात लिटरला साधारण १४ मिलिग्रॅम विरुद्ध ५४०. वजन करायचीसुद्धा गरज नव्हती. एक कुपी जेमतेम धुरकट, दुसरी दुधट.

मीठ आले कुठून? बॅटरसीपर्यंत समुद्राची भरती चढते आणि मैलापाण्यातही मीठ असतेच. पावसाने ओढ दिली, नदीचे पाणी घटले की खारटपणा आणखी वाढतो. पण मीठ हे कॉलऱ्याचे कारण नव्हे, ती पाणी कुठून उचलले याची खूण आहे, हे स्नोला पक्के ठाऊक होते. ज्यांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी कुपी नळाच्या पाण्याने विसळू नये. ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी आणि मग तपासायच्या पाण्यानेच दोनदा खंगाळावी. नाहीतर साका आपल्याच नळाचा बसतो आणि आपण दोष लंडनला देतो. नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आधी टाकावेत, म्हणजे कार्बोनेटमुळे येणारा गढूळपणा फसवत नाही. आपल्याकडच्या पाणी तपासणी प्रयोगशाळांत क्लोराइड मोजायला आजही सिल्व्हर नायट्रेटच वापरतात.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा लागला: साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलची घरे ४०,०४६, मृत्यू १,२६३, लॅम्बेथची घरे २६,१०७, मृत्यू ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. हिशेब माणसांमागे नसून घरांमागे आहे, हा त्यातला कच्चा दुवा, आणि त्यावर वाद झालेही. पण साडेआठपटीचा फरक घरात दोन माणसे कमीजास्त धरून पुसला जात नाही.

लेखातले 'स्नोने सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याचे जंतू पाहिले' हे वाक्य कुठून आले, देव जाणे. ३ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी त्याने तपासले तेव्हा सेंद्रिय घाण इतकी थोडी दिसली की निष्कर्ष काढायला तो कचरला. म्हणूनच तर तो पत्त्यांच्या मागे लागला. सूक्ष्मदर्शकावर विसंबला असता तर पंप निर्दोष सुटला असता.

आता 'स्नोचे कागदपत्र काळाच्या ओघात नष्ट झाले' या हळहळीबद्दल. स्नो भूल देणारा डॉक्टरही होता. भूल दिलेल्या रुग्णांच्या नोंदींच्या त्याच्या तीन वह्या, १८४८ ते १८५८ या काळातल्या, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहेत आणि १९९४ मध्ये छापूनही निघाल्या आहेत. त्यात ७ एप्रिल १८५३ ची राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणाची नोंद आहे: घडी केलेल्या रुमालावर प्रत्येक कळेला सुमारे १५ मिनिम, म्हणजे मिलिलिटरहून कमी, क्लोरोफॉर्म, एकूण ५३ मिनिटे. एरवी मोजून वाफ देणाऱ्या यंत्राचा आग्रह धरणारा माणूस राणीला रुमालावर भूल देतो, ही गंमत लेखात आली असती तर बहार आली असती. त्याऐवजी आपण त्याला 'राणीचा खासगी डॉक्टर' करून टाकलेत. त्याला बोलावले होते ते दोन बाळंतपणांना.

जाता जाता: लेखाच्या शेवटी 'उर्वरित मजकूर पान ६ वर' असे होते. पान ६ वर गाद्यांच्या सेलची पानभर जाहिरात आहे. गादी चांगली दिसते, पण उर्वरित मजकूर तिच्याखाली असावा.

दुरुस्ती छापण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये, कारण तशी परंपरा थोर आहे. स्नो १६ जून १८५८ रोजी वारला तेव्हा 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने दोन वाक्यांत मृत्युलेख आटोपला. त्यात क्लोरोफॉर्म होता, कॉलऱ्याचे नावही नव्हते. ती चूक त्यांनी सुधारली २०१३ मध्ये. आपण पुढच्या रविवारपर्यंत सुधारलीत तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली