78 दिवसांची अट आधी शिथिल करा

महोदय,

कोरोनाकाळात नोकरी गेलेल्या विमाधारक कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाने ऑगस्ट 2020 मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सैल केली. 24 मार्च ते 31 डिसेंबर 2020 या काळात काम सुटलेल्यांना सरासरी रोजच्या कमाईच्या 25 ऐवजी 50 टक्के बेकारी भत्ता जास्तीत जास्त 90 दिवस देण्याचे ठरले. अर्ज काम सुटल्यापासून 30 दिवसांनंतर करता येतो, मालकाच्या हातापाया न पडता थेट. प्रतिज्ञापत्राची कटकटही नोव्हेंबर 2020 मध्ये गेली. हे सगळे चांगलेच. पण पात्रतेचा हिशेब जुनाच ठेवला आणि घोडे तिथेच अडले.

दोन वर्षांची विमायोग्य (म्हणजे या विम्याखाली येणारी) नोकरी हवी. शिवाय काम सुटण्याच्या लगतच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी (पगारावर भरला जाणारा विम्याचा हप्ता) आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत तेवढीच. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ठरलेले आहेत. जूनमध्ये काढलेल्या कामगाराचा ऑक्टोबर ते मार्चचा काळ पाहिला जातो, तो सहज बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढलेल्याचा मात्र टाळेबंदीचाच काळ मोजतात. बिनपगारी घरी बसून जो 1 ऑगस्टला कामावर परतला, त्याचे एकही खाडा न करता सप्टेंबरअखेर 61 दिवसच भरतात. म्हणजे कारखाना तगवायला परत आलेला अपात्र आणि आधीच सुटलेला पात्र! अशांसाठी एप्रिल ते सप्टेंबर 2020 हा कालावधी वगळून त्याआधीचा धरावा. त्यासाठी तिजोरीवर फार मोठा भार पडेल असे वाटत नाही.

अर्जदारांनी आधी महामंडळाच्या पोर्टलवर आपली वर्गणी महिनावार पाहावी. मालक काम सुटल्याची तारीख न टाकता नुसते शून्य दिवस दाखवत राहिला, तर नोंदीत कामगार अजून नोकरीतच असतो आणि दावा पुढे सरकत नाही. ठेकेदार बदलताना नवा विमा क्रमांक काढला गेला असेल, तर वर्गणी दोन ठिकाणी विभागते. क्रमांक आयुष्यभर एकच असायला हवा, तेव्हा शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन दोन्ही नोंदी आधी एकत्र करून घ्याव्यात. आधार आणि बँक खात्यावरचे नाव जुळते का, हेही पाहावे. अर्ज ऑनलाइन भरताना कागदपत्रे अपलोड झाली नाहीत, तर सही केलेली छापील प्रत कागदपत्रांसह शाखेत द्यावी लागते.

रकमेचा अंदाजही बांधून ठेवावा. चार कालावधींतील एकूण कमाईला 730 ने भागतात. दोन्ही वर्षे महिना 15,000 रुपये मिळाले असतील तर रोजचे सुमारे 493, त्याचे निम्मे 246.58, 90 दिवसांचे साधारण 22,190 रुपये. बिनपगारी महिने मात्र भाजकातून वगळले जात नाहीत. कमाई निम्मी, तर भत्ताही निम्मा.

— एक कामगार सल्लागार