परवाना हा वकिलांचाच विषय नव्हे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत वेब-तंत्रज्ञानाच्या सुरुवातीच्या दिवसांवर आलेला लेख आवडीने वाचला. सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा जावा भाषेतला प्रोग्राम), जेएसपी (जावाचा कोड मिसळलेलं वेबपान), टॉमकॅट (हे दोन्ही चालवणारा सर्व्हर) ही नावं मराठी वर्तमानपत्रात दिसणं विरळाच, त्यामुळे लेखकाचे आभार. मात्र जावा फुकट मिळत होती, सॉफ्टवेअरच्या परवान्यातली कलमं बघणं वकिलांचं काम आणि प्रोग्रामरने फक्त एरर शोधायची, अशा अर्थाचं जे विधान त्यात आहे, ते मला पटलं नाही. त्या काळी प्रोग्राम इतरांनी लिहायचे आणि ग्राहकाच्या मशीनवर ते उभे करायचे मी, अशी आमच्याकडे कामाची वाटणी होती. त्या अनुभवावरून सांगतो, निम्म्या वेळा घोडं परवान्यापाशीच पेंड खायचं.

टूल्स डॉट जारचंच घ्या. जार म्हणजे जावाचे क्लास, अर्थात कोडचे तुकडे, एकत्र बांधलेली फाइल, आणि या जारमध्ये जावाचा कंपायलर असायचा. जेएसपी पान पहिल्यांदा मागितलं की सर्व्हर त्याचा सर्व्हलेट बनवतो, तो कंपाइल करतो, म्हणजे चालवता येईल अशा रूपात आणतो, आणि मग चालवतो. म्हणजे सर्व्हरला कंपायलर हवाच. सन कंपनीची जावा दोन रूपांत यायची. नुसते प्रोग्राम चालवायला जेआरई, आणि कंपायलरसकट हवी तर जेडीके. ग्राहकाकडे बहुधा जेआरईच असायची. टॉमकॅट ३ निमूट सुरू व्हायचा, एचटीएमएल पानं दिसायची, आधीच कंपाइल केलेले सर्व्हलेट चालायचे. पहिलं जेएसपी उघडलं की मात्र ५०० क्रमांकाची एरर, खाली वीतभर स्टॅक ट्रेस (एरर कुठून आली त्याचा माग) आणि त्यात एक ओळ : नोक्लासडेफफाउंडएरर, सन/टूल्स/जावासी/मेन. नवखा माणूस ते बघून आपल्या जेएसपीतला अर्धविराम शोधत बसायचा. कोडमध्ये काहीच बिघडलेलं नसायचं, कंपायलरच हजर नसायचा.

यावर सर्रास चालणारा तोडगा म्हणजे आपल्या मशीनवरची टूल्स डॉट जार उचलायची आणि ग्राहकाच्या टॉमकॅटमधल्या लिब फोल्डरात टाकायची. पान उघडायचं, ग्राहक खूश. पण सनच्या परवान्यानुसार आपल्या उत्पादनाबरोबर जेआरई देता येत असे, अख्खी जेडीके नाही. जेडीकेतल्या कोणत्या फाइली वाटता येतील याची यादी १.४ आवृत्तीच्या रीडमी फाइलमध्ये दिलेली होती. त्यात जावासी हा कंपायलर आणि टूल्स डॉट जार दोन्ही होत्या, पण जेआरईसोबतच द्यायच्या, सुट्या नाहीत, या अटीवर. म्हणजे रीतसर मार्ग उपलब्ध होता आणि लोक नेमका तोच सोडून भलतीकडून जात होते. ही यादी कुठल्या वकिलाच्या कपाटात नव्हती. जेडीके टाकली की त्याच फोल्डरात ती समोर पडलेली असायची. २००४ मध्ये आलेल्या टॉमकॅट ५.५ ने एक्लिप्स या खुल्या प्रकल्पाचा कंपायलर सोबतच दिला आणि नुसत्या जेआरईवर जेएसपी चालू लागलं. मला येणारे फोन एकदम कमी झाले, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा गुंता मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ड्रायव्हरचा, म्हणजे जावाला त्याच्याशी जोडणाऱ्या जारचा. जुना ड्रायव्हर एलजीपीएल या सैल खुल्या परवान्याखाली होता, पुढे तो जीपीएल या कडक परवान्याखाली आला. मग प्रश्न पडला की आपल्या वॉर फाइलमध्ये, म्हणजे अख्ख्या वेब-प्रोग्रामच्या गाठोड्यात, ही जार घातली तर आपला कोडही खुला करावा लागेल का? जीपीएलची ती अट वाटपाला लागू होते. प्रोग्राम आपल्याच सर्व्हरवर चालवला आणि जगाने तो ब्राउझरमधून वापरला, तर ते वाटप नव्हे. तीच वॉर ग्राहकाच्या हातात दिली की वाटप झालं. एकाच कोडला दोन ठिकाणी दोन नियम! या भीतीने आमच्याकडे ती जार वॉरमधून काढली गेली आणि ग्राहकाने ती स्वतः उतरवून घ्यावी असं ठरलं. ग्राहकाने अर्थातच ती घेतली नाही. आमच्याकडे बिनतक्रार चालणारा प्रोग्राम तिकडे क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन, म्हणजे क्लास सापडत नाही अशी एरर, देऊ लागला, आणि ज्या पोराने कोड लिहिला होता त्याला उगाच बोलणी बसली. ती एरर जन्माला घातली होती परवान्याने.

मेव्हन (लागणाऱ्या जार आपोआप उतरवून प्रोग्राम बांधणारं साधन) वापरणाऱ्यांना जेटीएची, म्हणजे डेटाबेसचे व्यवहार हाताळणारी, जार आठवत असेल. हायबरनेट या डेटाबेससाठीच्या लायब्ररीला ती लागायची, पण सनच्या परवान्यामुळे मेव्हनच्या सार्वजनिक भांडारात ती ठेवता येत नव्हती. भांडारात तिची नोंद सापडायची, जार नाही. बिल्ड अडायचं आणि ती हाताने उतरवून घ्या असा निरोप पडद्यावर यायचा. ईमेलसाठीच्या जावामेलच्या जुन्या आवृत्त्यांची तीच गत. नेटवर्क बिघडलंय म्हणून प्रॉक्सीची सेटिंग्ज उलटीपालटी करणारे लोक मी पाहिले आहेत.

सगळंच परवान्याच्या माथी मारायचं नाही. टॉमकॅटचं ८०८० पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामने अडवलेलं असणं, सर्व्हरकडे आधीच असलेली सर्व्हलेट डॉट जार वॉरमधल्या वेब-इन्फच्या लिब फोल्डरात उगाच कोंबणं, किंवा २००२ मध्ये सुरक्षेसाठी इन्व्होकर सर्व्हलेट (नोंद नसलेले सर्व्हलेटही नुसत्या नावावरून चालवणारा) बंद केला गेल्यावर कालपर्यंत चालणाऱ्या पत्त्यांवर ४०४ येणं, ही साधी तांत्रिक दुखणी होती. लॉग नीट वाचला की उलगडायची. लेखकाने त्यांच्यावर अर्धं पान खर्च केलं आणि परवान्याला एक ओळ दिली, एवढीच तक्रार.

हा जुना इतिहास म्हणून सोडूनही देता येत नाही. २०१७ मध्ये, सनला आधीच विकत घेतलेल्या ओरॅकलने जावा ईई (सर्व्हलेट, जेएसपी ज्यात येतात तो जावाचा सर्व्हरसाठीचा भाग) एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवायचं जाहीर केलं, पण जावा या नावावरचा व्यापारचिन्हाचा हक्क स्वतःकडे ठेवला. जावाएक्स या नावाखालच्या पॅकेजेसमध्ये (क्लासच्या गटांमध्ये) पुढे बदल करता येणार नाहीत, असं २०१९ मध्ये स्पष्ट झालं. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये (जकार्ता ईई हे जावा ईईचंच नवं नाव) जावाएक्स डॉट सर्व्हलेटचं नाव बदलून जकार्ता डॉट सर्व्हलेट झालं. तांत्रिक कारण काडीचंही नाही, पण टॉमकॅट १० वर जुनी वॉर ठेवली की एचटीटीपीसर्व्हलेट हा क्लास सापडत नाही अशी एरर येते. त्यावर कुणी जुनी सर्व्हलेट जार वॉरमध्ये घुसडतो. मग क्लास सापडतो, पण सर्व्हर त्याला सर्व्हलेट मानायला तयार नसतो आणि क्लासकास्टएक्सेप्शन येतं.

नेमकं हेच आपल्या वाचकांच्या वाट्याला येणार आहे. लेखासोबतच्या चौकटीतला नमुना प्रोग्राम इम्पोर्ट जावाएक्स डॉट सर्व्हलेट असा सुरू होतो, आणि खाली टॉमकॅटची सर्वांत नवी आवृत्ती उतरवून घ्या अशी सूचना आहे. या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमत नाही. विद्यार्थ्यांनी एकतर टॉमकॅट ९ घ्यावा किंवा इम्पोर्टमधलं जावाएक्स काढून जकार्ता लिहावं. तयार जुनी वॉर असेल तर टॉमकॅट १० च्या फोल्डरात वेबअ‍ॅप्स-जावाईई नावाचं फोल्डर करून त्यात ठेवावी, टॉमकॅट ती स्वतः बदलून घेतो. आणि जावा घेताना ओपनजेडीकेची, म्हणजे खुल्या परवान्याची, घ्यावी. ओरॅकलच्या जेडीकेच्या अटी २०१९ मध्ये बदलल्या, २०२१ मध्ये पुन्हा बदलल्या, त्यामुळे आपल्या हातातल्या आवृत्तीला कोणत्या अटी लागू आहेत ते आधी वाचावं लागतं. चौकटीची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

– सर्व्हर सांभाळणारा एक जुना वाचक