मॅक्लसफील्डला जाऊन आलो

मँचेस्टर, रविवार रात्र

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

मामाला परवा परत फिट आली हे तू फोनवर सांगितलंस आणि मी नुसतं 'हं' म्हणालो. राग मानू नकोस. काही गोष्टी मला लिहिल्याशिवाय सांगता येत नाहीत.

काल मॅक्लसफील्डला गेलो होतो, इथून रेल्वेने जेमतेम अर्धा तास. एके काळचं रेशमाचं गाव, म्हणजे आपल्या इचलकरंजीसारखंच मागांवर जगलेलं. तिथल्या स्मशानभूमीत इयन कर्टिस नावाच्या गायकाचा दगड आहे. दगड कसला, रस्त्याच्या कडेला बसवतात तसला, बुटका. त्यावर नाव, १८-५-८० ही तारीख आणि त्याच्याच एका गाण्याचे शब्द. कुणीतरी वर चिल्लर ठेवली होती.

त्याचा बँड जॉय डिव्हिजन. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायचं, आणि यानं घरी जीव दिला. वय २३. मार्चमध्ये लंडनला रेकॉर्ड केलेला 'क्लोजर' अल्बम तो गेल्यावर दोन महिन्यांनी, जुलै १९८० मध्ये आला. कव्हरवर इटलीतल्या जेनोव्हा शहरातल्या एका थडग्याचा फोटो, निजवलेला देह, भोवती शोक करणारी माणसं. लोकांना वाटलं, मरणाचं भांडवल केलं. पण तो फोटो तो जिवंत असतानाच ठरला होता.

गाणी नऊच. पहिलं फार कर्कश, मला अजून झेपत नाही. शेवटची दोन मात्र रोज रात्री ऐकतो. बेस गिटार खर्ज सोडून वरच्या सुरांत हिंडते, आणि खर्जात गातो तो. 'द इटर्नल'मधला पियानो तर बंद घरात कुणी एकटंच वाजवत बसल्यासारखा.

त्यालाही फिट यायच्या, आई. आजाराचं निदान १९७९ च्या जानेवारीतलं. रोजगार कार्यालयात तो अपंगांना नोकऱ्या मिळवून द्यायचं काम करायचा, आणि रात्री स्टेजवर हात झटकत नाचायचा. कधी कधी ती फिट खरीच असायची. समोरच्यांना वाटायचं, नाचतोय. बँडमधले बाकीचे पुढे म्हणाले, त्याचे शब्द आम्ही तेव्हा नीट ऐकलेच नाहीत.

जोतिबाची यात्रा आठवते? मामा सासनकाठीपुढे नाचता नाचता कोसळला. अंगात आलं म्हणून लोकांनी हात जोडले, वरून गुलाल टाकला. तू एकटी ओरडत होतीस, "अरे फिट आलीय त्याला, सरका!" मग कुणीतरी फोडलेला कांदा त्याच्या नाकाशी धरला. डोळे उघडले तेव्हा पापण्यांवर गुलाल होता आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. परतताना एसटीत आपण सगळे त्याच्याविषयीच बोलत होतो. त्याच्याशी कुणीच नाही. मी खिडकीशी, त्याच्या शेजारीच बसलो होतो.

गोळ्या चुकवू देऊ नकोस. पुढच्या रविवारी फोन आधी त्याच्याकडे दे, आणि तू जरा आत जा.

तुझा,
बंड्या