कार्ड मशीनच्या करारावर सही करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, कार्ड मशीन देणाऱ्या दोन्ही कंपन्यांची दरपत्रकं वाचली. ठळक अक्षरात छापलेल्या टक्क्यावरून काहीही ठरवू नका. कंपनी भरवशाची आहे की नाही, ते तीन ठिकाणी कळतं: वजावट कशी दाखवते, पैसे कधी अडकवते आणि सोडून जायचं म्हटलं की काय मागते.

कार्डानं भरलेल्या प्रत्येक बिलातून थोडे पैसे कापले जातात. त्यांचे वाटेकरी तीन. ग्राहकाला कार्ड देणारी बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क, आणि मशीन देणारी कंपनी. पहिल्या दोघांचे वाटे ठरलेले असतात. घासाघीस होते ती तिसऱ्याच्या वाट्यावर. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवायला सांगा. जाहिरातीतला दर बहुधा सर्वांत स्वस्त प्रकारच्या कार्डाचा असतो. परदेशी किंवा कंपनीच्या नावाचं कार्ड आलं, किंवा फोनवर नंबर घेऊन व्यवहार केला, की तो चढतो.

आई, हिशेब तू बघतेस, म्हणून हे तुझ्यासाठी. समज, दर 2 टक्के आणि शिवाय प्रत्येक व्यवहाराला ठरावीक 3 रुपये आहे. 1,000 च्या बिलावर 23 गेले, म्हणजे 2.3 टक्के. पण 60 च्या बिलावर 4.20 जातात, म्हणजे थेट 7 टक्के! लहान बिलं जास्त असतील तर टक्क्यापेक्षा हे वरचे 3 कमी करून घेणं महत्त्वाचं. शिवाय मशीनचं भाडं, महिन्याचं किमान शुल्क, स्टेटमेंटचं शुल्क असतंच. महिन्याची सगळी वजावट एकत्र कर, कार्डावरच्या एकूण विक्रीनं भाग आणि 100 नं गुण. तो खरा दर. दोन्ही कंपन्यांकडून आपल्या अंदाजे विक्रीवर असाच हिशेब लेखी घ्या. आणखी एक विचारून घे, पैसे पूर्ण जमा करून वजावट महिनाअखेरीस घेणार की रोज कापूनच देणार? रोज कापून येत असतील, तर बिलांची बेरीज आणि बँकेत आलेली रक्कम कधीच जुळणार नाही. अशा वेळी रोजचा तपशीलवार अहवाल मिळायलाच हवा.

आता पैसे अडकण्याचं. काही कंपन्या एकाच मोठ्या खात्याखाली हजारो व्यापारी घेतात. खातं झटपट उघडतं, पण कसून तपासणी बरेचदा नंतर होते, आणि एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं बिल झालं की पैसे रोखून धरतात. यावर उपाय सोपा आहे. महिन्याची अंदाजे विक्री आणि सर्वांत मोठं बिल अर्जात खरं लिहा, कमी करून नको. करारात ‘राखीव रक्कम’ शोधा. विक्रीचे 5 ते 10 टक्के सहा महिने अडकवून ठेवायची मुभा त्या कलमात असू शकते. ती कधी लागू होते आणि कधी सुटते, हे लिहिलेलं नसेल तर सही नको.

ग्राहकानं बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले की त्याला चार्जबॅक म्हणतात. व्यवहारानंतर साधारण 120 दिवसांपर्यंत तो येऊ शकतो, म्हणून पावत्या आणि माल पोचल्याचा पुरावा त्याहून जास्त काळ जपा. उत्तराला किती दिवस मिळतात आणि आपण जिंकलो तरी शुल्क लागतं का, हे विचारा. ग्राहकाच्या स्टेटमेंटवर आपलं नाव काय दिसेल, हेही पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या कार्डानं तपासा. पाटीवर एक नाव आणि स्टेटमेंटवर दुसरंच, म्हणून ‘हा खर्च माझा नाही’ अशा कितीतरी तक्रारी होतात.

कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याचा नियम आहे पीसीआय डीएसएस. त्याच्या पूर्ततेचं दाखलापत्र कंपनीकडे मागा आणि तारीख बघा, कारण ते दरवर्षी नवं व्हावं लागतं. ‘आमच्याकडे आहे, तुम्हाला काही करायला नको’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. आपल्यालाही आपल्या बाजूची पूर्तता करावी लागते. कार्डामागचे तीन आकडे वहीत, चिठ्ठीवर, फोनमध्ये कुठेही लिहून ठेवायचे नाहीत. मशीनवरचा अनुक्रमांक टिपून ठेवा आणि अधूनमधून ताडून बघा. ‘दुरुस्तीला आलोय’ म्हणत कुणी मशीन उचलायला लागला, तर आधी कंपनीला फोन.

सोडण्याच्या अटी शेवटच्या पानांवर असतात. मुदत किती, आपोआप वाढते का, नोटीस किती दिवसांची, दंड किती? मशीनच्या भाड्याचा करार बरेचदा वेगळ्याच कंपनीशी असतो आणि कार्डसेवा बंद केली तरी भाडं चालूच राहतं. मशीन विकतच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ते दुसऱ्या कंपनीसोबत चालेल का, हे आधी विचारा. बरीच मशीन चालत नाहीत.

बाबा, समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं तुम्हाला जड जातं. प्रतिनिधी ‘ही सवलत आजपुरतीच’ म्हणाला तर खुशाल माझं नाव सांगा, लेकीला दाखवल्याशिवाय सही करत नाही म्हणावं. तो तोंडी जे कबूल करेल, ते ईमेलवर मागा. आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मदत क्रमांकावर एकदा फोन लावून बघा, माणूस बोलतो का ते.

करार पूर्ण आला की बारीक अटींच्या पानांसकट फोटो पाठवा. रविवारी फोनवर एकेक कलम वाचू.

तुमची लेक