कंबर दुखते म्हणून सीटवर उशी चढवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घोडबंदर रस्ता, मुंब्रा बायपास आणि शिळफाट्याची कोंडी यांवर वर्तमानपत्रांत नेहमी लिहून येते. त्या कोंडीत गाडी चालवणाऱ्याच्या कमरेचे काय होते, यावर मात्र क्वचितच कुणी लिहिते. दुखणे वाढले की माणूस एक जाडजूड उशी विकत आणतो, सीटवर टाकतो आणि बहुतेक वेळा दुखण्यात भरच घालतो. गाड्यांचे सीटकाम हा माझा धंदा आहे, म्हणून हे पत्र. सीट बदलण्याआधी काय तपासावे, काय दुरुस्त होते आणि कशाला हात लावू नये, हे वाचकांना माहीत असायला हवे.

आधी दुखण्याचे कारण. उभे असताना कमरेला आतल्या बाजूने जो बाक असतो, तो बसल्यावर सपाट होतो, कारण खुब्याची हाडे मागे कलंडतात. मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब त्यामुळे पुढच्या कडेला सरकतो आणि पाठीमागचे स्नायू तासन् तास ताणलेले राहतात. त्यात गाडीचे हादरे. बसलेल्या माणसाचा कणा साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या, कंपनांना सर्वात जास्त हलतो आणि खराब रस्ता नेमकी त्याच टप्प्यातली कंपने सीटपर्यंत पोचवतो. फोम बसलेला असेल तर खड्ड्यात शरीर थेट खालच्या तारेवर आपटते. क्लचच्या गाडीत डावा पाय सारखा उचलावा लागतो, म्हणजे बसण्याचा भार उजव्या कुल्ल्यावर जातो. आपल्याकडे चालक उजव्या दाराने चढतो-उतरतो, त्यामुळे सीटची उजवी कडही आधी दबते. भार उजवीकडे आणि फोमही उजवीकडे खचलेला, अशा सीटवर माणूस नकळत तिरका बसतो. एकाच बाजूला दुखत असेल तर आधी हे पाहावे. मागच्या खिशातले पाकीट तर गाडीत बसताना काढून ठेवावेच.

सीटला दोष देण्यापूर्वी टायरमधली हवा पाहावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा छापलेला असतो तेवढीच भरावी, पंपवाल्याच्या अंदाजाने नको. हवा जास्त असली की प्रत्येक खड्डा कमरेत जाणवतो. शॉकअप गळत असतील तर सीटवर केलेला खर्च वाया जातो.

मग बसण्याची जागा लावावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटे जागा हवी. नसेल तर कड मांडीखालच्या शिरा दाबते आणि पाय जड होतो. पाठ साधारण १०० ते ११० अंशांत ठेवावी. खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आले पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवे, एअरबॅगसाठी ते आवश्यक आहे. हेडरेस्टचा माथा डोक्याच्या माथ्याइतका उंच असावा. मानेच्या खळगीत रुतणारे हेडरेस्ट मागून धडक बसल्यास मान वाचवत नाही. बऱ्याच जणांची कंबर एवढ्यानेच निम्मी मोकळी होते, पण नवी गाडी घेताना शोरूममध्ये हे कुणी लावून देत नाही.

तरीही दुखत असेल तर फोम मोजावा. एक सरळ पट्टी सीटच्या दोन्ही उंच कडांवर आडवी ठेवावी आणि पट्टीपासून मधल्या खोलगट भागापर्यंतचे अंतर घ्यावे. हेच माप शेजारच्या सीटवर घ्यावे. ती कमी वापरलेली असते, त्यामुळे तुलनेला दुसरे काही शोधावे लागत नाही. दोन मापांत दीड-दोन सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर चालकाचा फोम खचला आहे. बसण्याची हाडे टेकतात तिथे अंगठा जोरात दाबून पाहावा. तार हाताला लागली तर तो फोम संपला असे समजावे.

कमरेच्या आधारासाठी सीट उघडण्याची घाई करू नये. एक जुना नॅपकिन दोन-तीन सेंटीमीटर जाडीची घडी करून पँटच्या पट्ट्याच्या उंचीवर, पाठ आणि सीट यांच्यामध्ये ठेवावा आणि चार-पाच दिवस नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवावी. घडी पट्ट्याच्या वर, बरगड्यांपाशी गेली तर ती खांदे पुढे ढकलते आणि मान दुखू लागते. एक-एक पदर कमी-जास्त करून जिथे दुखणे थांबते ती जाडी आणि ती उंची लिहून ठेवावी. सीटवाल्याकडे हे माप घेऊन गेल्यास काम नेमके होते. कारागीर अंदाजाने फुगवटा करतो तेव्हा तो हमखास जास्त होतो.

आता उशीबद्दल. पाच-सात सेंटीमीटरची जेलची किंवा मेमरी फोमची उशी घातली की सगळी मापे बिघडतात. पाय पेडलपासून वर उचलला जातो, हेडरेस्ट डोक्याच्या मानाने खाली राहते आणि कमरेचा बेल्ट हाडांवरून घसरून मऊ पोटावर येतो. उशीचे कव्हर गुळगुळीत असेल तर जोरात ब्रेक लागल्यावर शरीर बेल्टखालून पुढे सरकते, आणि पोटाला गंभीर इजा होते ती अशीच. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो; एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो दबून पोळीसारखा चपटा होतो. माकडहाडाला सूज असेल आणि डॉक्टरांनी मागे खाच असलेली उशी सांगितली असेल तर ती पातळ, न घसरणारी घ्यावी आणि सीट तेवढीच खाली करावी.

रेक्झिनच्या सीटकव्हरवर थोडे जास्त लिहितो, कारण ठाण्या-नवी मुंबईत गाडी ताब्यात आल्याच्या आठवड्यातच ती बहुतेक जण चढवतात. कव्हर घट्ट ओढून बसवले की खालचा फोम आधीच थोडा दाबला जातो आणि कंपनीने दिलेला कमरेचा बाक सपाट होतो. रेक्झिनवर अंग सरकते. दर ब्रेकला कुल्ले जरासे पुढे येतात आणि घोडबंदर रस्त्यावर गायमुखपर्यंत पोचेतो माणूस बसण्याच्या हाडांऐवजी माकडहाडावर बसलेला असतो. त्याला वाटते सीट खराब आहे. अशा वेळी कव्हर काढून आठ दिवस मूळ कापडावर गाडी चालवून पाहावी. शिवाय ज्या गाड्यांत सीटच्या पाठीतच बाजूची एअरबॅग असते, तिथे बाहेरच्या कडेला तशी खूण शिवलेली असते. त्या कडेवरून जाड कव्हर ओढले आणि दुहेरी दोऱ्याने शिवले तर एअरबॅगला बाहेर यायला वाट उरत नाही. त्यासाठी खास कच्च्या शिवणीची कव्हरे मिळतात. तीच घ्यावीत, नाहीतर कव्हर घालूच नये.

फोमचे काम करायचेच असेल तर सीट बाहेर काढावी लागते. सीट आधी पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट सोडवायचे, मग मागे सरकवून पुढचे दोन. त्यानंतर बॅटरीचा निगेटिव्ह काढून किमान दहा मिनिटे थांबायचे आणि मगच सीट उलटी करून खालचे कनेक्टर सोडवायचे. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाडीत सीटबेल्ट रिमाइंडरची वायर असतेच. पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे. ते सुटलेले असताना चावी फिरवू नये. फिरवली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर जोडल्याशिवाय तो जात नाही. शेजारच्या सीटमध्ये बऱ्याच गाड्यांत कव्हरखाली वजन ओळखणारी पातळ चटई असते; तिच्यावर फोम टाकू नये.

कव्हर खालून प्लॅस्टिकच्या पट्टीने अडकवलेले असते आणि मधल्या खाचांत लोखंडी कड्यांनी तारेला बांधलेले असते. कड्या कापायच्या, कव्हर ओढायचे नाही. ओढले की तारेभोवतीचा फोम फाटतो. मग स्प्रिंग पाहावी. नागमोडी स्प्रिंगच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी निघाली असली तर तो कोपरा खाली बसतो आणि करकर वाजतो. एवढ्याच कारणाने अख्खी सीट बदललेली माणसे मी पाहिली आहेत.

खचलेला फोम वरून भरू नये. वर भरला की कड जाणवते, गोंदाचा कडक पापुद्रा तयार होतो आणि तासाभरात तो टोचू लागतो. फोम उलटा करून खचलेल्या भागाखाली १० ते १५ मिलिमीटरचा रिबाँडेड (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) फोम लावावा, त्याच्या सर्व कडा उतरत्या कापाव्यात, आणि स्प्रिंग व फोम यांच्यामध्ये गोणपाट किंवा जाड फेल्ट घालावे, म्हणजे तार फोम चिरत नाही. रबर सोल्यूशन दोन्ही पृष्ठांवर लावून ते बोटाला चिकटेनासे झाल्यावर जोडावे आणि एक दिवस वाऱ्यावर ठेवावे. सीटची उंची एकूण दोन सेंटीमीटरहून जास्त वाढू देऊ नये. बाजारात ‘४० डेन्सिटी’ म्हणजे कडक फोम असा समज आहे. तो आकडा एका घनमीटरचे वजन किलोत सांगतो, कडकपणा सांगत नाही. वजन जास्त असलेला फोम जास्त काळ टिकतो, पण कडकपणा हाताने दाबूनच पाहावा लागतो.

नॅपकिनने काढलेल्या मापाची गादीही याच वेळी पाठीच्या फोममागे, स्प्रिंगच्या पुढे बसवता येते. साधारण १५ ते २० सेंटीमीटर उंच, २५ ते ३० रुंद, मध्ये जाड आणि कडांना शून्य. हाताने हवा भरायचा लहान फुगा मिळतो, तो जास्त सोयीचा, कारण घरातली दोन माणसे गाडी चालवत असतील तर प्रत्येकाला आपल्यापुरते लावता येते. नळी खालून काढून पंप सीटच्या पुढच्या कडेला ठेवावा. एअरबॅगच्या बाजूने नळी नेऊ नये.

सीट मागे कलावी म्हणून ती सरकते त्या रेलच्या पुढच्या बोल्टखाली वायसर रचण्याचा प्रकार अनेक गॅरेजांत चालतो. वायसरच्या जाडीइतके आटे बोल्टला कमी मिळतात. बेल्टचे बकल सीटलाच जोडलेले असते, म्हणजे धडकेत माणसाचा बराचसा ओढा त्याच चार बोल्टांवर येतो. हे काम करू नये, कुणी करून देतो म्हटले तरी.

वरच्या मॉडेलची सीट आणून बसवायची असेल तर त्याच गाडीच्या त्याच पिढीची हवी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सीटा मिळतात. घेताना रेल दोन्ही टोकांपर्यंत सरकवून, पाठ प्रत्येक खाचेत लॉक होते का ते पाहावे. बकल नेहमीपेक्षा खाली ओढलेले दिसले तर ती अपघातातल्या गाडीची सीट आहे. सीटखाली गंजाची किंवा चिखलाची रेघ असेल तर ती पाण्यात बुडालेली आहे. कनेक्टरच्या पिना जुळत नसतील तर सौदा सोडून द्यावा, वायर कापून जोडू नये. शर्यतीच्या गाडीसारखी खोलगट सीट बसवू नये. ती बसवताना बाजूची एअरबॅग जाते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्नही उभा राहतो.

पायात मुंग्या, बधिरपणा, पाऊल उचलताना ताकद कमी वाटणे ही लक्षणे असतील तर सीटवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे जावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

शेवटी दोन मागण्या. कंबरेचा आधार आणि सीटची उंची लावण्याची सोय बऱ्याच गाड्यांत फक्त महागड्या मॉडेलमध्ये मिळते. दोन्ही गोष्टी सर्वात स्वस्त मॉडेलपासून मिळायला हव्यात, कारण टॅक्सीसाठी विकली जाते ती गाडी बहुधा स्वस्तातलीच, आणि तिच्यात माणूस दिवसाचे दहा-बारा तास बसतो. ऐरोली, घणसोली, महापेच्या कंपन्यांना ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या मालकांना माझी विनंती आहे की, वर्षातून एकदा चालकाच्या सीटला पट्टी लावून फोम मोजा आणि खचला असेल तर भरून द्या. कव्हर कोणते घालायचे हे तुम्ही ठरवता, बसतो तो चालक; तेव्हा रेक्झिन घेण्याआधी त्याला विचारा. आणि माझ्या धंद्यातल्या मित्रांनी बिलावर फोमची डेन्सिटी, जाडी व कुठे भरला हे लिहून द्यावे, सीटचे बोल्ट कंपनीच्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावेत आणि एअरबॅगचा दिवा विझलेला दाखवूनच गाडी ग्राहकाच्या हाती द्यावी.

आपला,
सीटकाम करणारा एक वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)